नऊ हजार ओव्या, बावन्न आठवडे

‘यंदा ज्ञानेश्वरी पूर्ण वाचायची’ हा संकल्प पाडव्याला सोडला जातो, १ जानेवारीलाही सोडला जातो. पहिला अध्याय उत्साहात होतो, दुसराही होतो. पुढे कधीतरी लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात आणि सहाव्या अध्यायातली खूण तिथेच राहते. मग माणूस स्वतःला आळशी म्हणवून मोकळा होतो. प्रत्यक्षात कमी पडलेली असते ती आखणी. उत्साह रोज सारखा राहत नाही, म्हणून कमी उत्साहाच्या दिवशीही काम पुढे सरकेल अशी व्यवस्था आधीच लावावी लागते. ती कशी लावायची, हे ज्ञानेश्वरीचेच उदाहरण घेऊन पायरीपायरीने पाहू. ध्येय स्पर्धा परीक्षेचे असो, गाणे शिकण्याचे असो किंवा राहून गेलेला प्रबंध पुरा करण्याचे, पायऱ्या त्याच आहेत.

माप निवडा

एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर अनेक दशके काम केले. त्यांचा ठळक निष्कर्ष असा की ‘जमेल तितके चांगले करा’ असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि थोडे अवघड लक्ष्य दिलेला माणूस सहसा जास्त काम करतो. म्हणून ‘ज्ञानेश्वरी वाचायची’ याला आकडा जोडायला हवा. प्रश्न असा की आकडा कशाचा?

पहिला विचार अध्यायांचा येतो. १८ अध्याय आणि १२ महिने, म्हणजे महिन्याला दीड अध्याय. हिशेब सोपा दिसतो, पण तो फसवा आहे. पाचवा अध्याय जेमतेम १८० ओव्यांचा, तर अठरावा अठराशेहून अधिक ओव्यांचा. संपूर्ण ग्रंथ सुमारे ९ हजार ओव्यांचा आहे. पहिले नऊ अध्याय संपले की अर्धे काम झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात तोवर एक तृतीयांशही ओव्या झालेल्या नसतात. तेरावा आणि अठरावा हे दोनच अध्याय मिळून जवळपास तेवढे भरतात. अध्याय मोजणारा वाचक पूर्वार्धात निर्धास्त राहतो आणि उत्तरार्धात खचतो.

म्हणून माप ओवीचे घ्यावे. माप शक्य तितके समान असावे आणि आपल्या हातातले असावे, एवढे दोन नियम. परीक्षेच्या अभ्यासात ‘धडे’ मोजण्यापेक्षा सोडवलेले प्रश्न मोजावेत. वजन कमी करायचे असेल तर रोजचे चालणे मोजावे, कारण काट्यावरचा आकडा पूर्णपणे आपल्या हातात नसतो.

हिशेबात सुट्ट्या धरा

९ हजारांना ३६५ ने भागले की दिवसाला साधारण २५ ओव्या येतात. नेमकी इथेच बहुतेक योजना फसते, कारण या भागाकारात आजारपण नाही, प्रवास नाही, घरचे कार्य नाही.

आपण कामाला लागणारा वेळ नेहमीच कमी धरतो, याकडे डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये लक्ष वेधले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारले गेले की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळेच बिनसले तर किती लागतील, याचे उत्तर सुमारे ४९ दिवस आले. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही तोकडा पडला.

यावर उपाय साधा आहे. सुट्टी मागाहून घेण्यापेक्षा आधीच हिशेबात धरायची. दिवसाला ३० ओव्या आणि आठवड्याला सहा दिवस असे धरले तर आठवड्याच्या १८० होतात, ५० आठवड्यांच्या ९ हजार. दर आठवड्याला एक दिवस मोकळा राहतो आणि वर्षाअखेरीस दोन आठवडे हातात उरतात. मोकळ्या दिवशी राहिलेले भरून काढावे, काही राहिले नसेल तर खुशाल विश्रांती घ्यावी. याच गतीने पाचवा अध्याय सहा दिवसांत होतो आणि अठराव्याला साठ दिवस लागतात. हे आधीच ठाऊक असले की अठराव्यात ‘हा संपतच नाही’ असे वाटून कुणी पुस्तक मिटत नाही.

एक तपासणी मात्र आवश्यक. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून वाचा. मूळ ओवी, खालचा अर्थ आणि पुन्हा ओवी यांना मिनिटभर लागत असेल तर ३० ओव्यांना अर्धा तास हवा. तेवढा वेळ निघत नसेल तर वर्षाऐवजी दोन वर्षांचा बेत करा. कागदावर जमणारा पण घरात न जमणारा बेत महिनाभरही टिकत नाही.

वेळ आणि जागा बांधून घ्या

‘रोज वाचीन’ हा निर्धार झाला, योजना नव्हे. पेटर गॉलवित्सर आणि फेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायचे होते. ते कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवले त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ते वेळेत लिहिले. नुसता इरादा असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी.

म्हणून वाक्य असे असावे : ‘रात्रीची जेवणे होऊन ओटा आवरला की खिडकीशेजारच्या खुर्चीत बसून ३० ओव्या वाचायच्या.’ रोज होणाऱ्या कामाच्या शेपटाला नवे काम बांधले की आठवण वेगळी ठेवावी लागत नाही. अडचणीचेही असेच वाक्य तयार ठेवावे : ‘पाहुणे आले तर सकाळच्या चहाआधी १५ ओव्या.’

सप्ताहातल्या पारायणाकडे या नजरेने पाहा. तिथे रोजचा भाग ठरलेला असतो, वेळ ठरलेली, मंडप ठरलेला आणि शेजारी बसलेली माणसेही तेच वाचत असतात. अख्खा ग्रंथ सात दिवसांत पुरा होतो. एरवी पाने न उलटणारी माणसेही ते करतात, कारण रोज नव्याने ठरवण्याचा भार त्यांच्यावर नसतो.

बसल्यावर लक्ष टिकवा

एका कामावरून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले. संदेश पाहायला दोनच सेकंद लागतात हे खरे, पण त्यानंतरच्या चार ओव्या वाचूनही वाचल्या जात नाहीत. फोन उलटा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा.

बसायचाच कंटाळा येत असेल तर चिरिलो यांची युक्ती कामी येते. फ्रान्चेस्को चिरिलो हे इटलीत शिकत असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे टायमर लावून अभ्यासाला बसत. त्यातून २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही पद्धत रूढ झाली. तिची ताकद २५ या आकड्यात नाही. शेवट दिसत असला की सुरुवात सोपी होते, एवढेच तिचे गमक. मोठ्या कामासाठी अशा तीन-चार फेऱ्या घ्या, ओव्यांसाठी एक पुरे.

खाडा पडला तर

‘२१ दिवसांत सवय लागते’ असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे पाहिले. २०१० मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा ६६ दिवसांचा होता. कुणाचे १८ दिवसांत भागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, तर त्यात आपले काही चुकलेले नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. व्रत मोडले म्हणून सगळेच सोडून देण्याची वृत्ती जास्त घातक. दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचण्याचा अट्टहासही नको. नेहमीच्या ३० वाचा, राहिलेल्या मोकळ्या दिवशी भरा. यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहावा. नुसती खूण केली तर १० ओव्यांचा दिवस आणि ४० ओव्यांचा दिवस सारखेच दिसतात.

गोडी कशी टिकते

स्वतःला बक्षीस लावण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. तो जपून घ्यावा. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना मध्ये पैसे दिले गेले, त्यांचा पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे ओढा कमी झाला. ज्यात मुळात आनंद आहे त्याला बाहेरून मोबदला जोडला की आनंद मागे पडू शकतो. म्हणून ओव्यांना आइस्क्रीमची लालूच नको. त्याऐवजी दिवसातली आवडलेली एक ओवी वहीत उतरवा, आठवड्यातून एकदा ती कुणाला तरी वाचून दाखवा. पुढे सरकल्याची जाणीव आणि समजल्याचा आनंद हीच पुढच्या दिवसाची शिदोरी. महिनाअखेरीस बेरीज करा. दोन महिने सलग मागे पडत असाल तर स्वतःला दोष देण्यापेक्षा रोजचा आकडा कमी करा आणि मुदत वाढवा.

तुमचे ध्येय वेगळे असेल, पण कागद एकच पुरतो. त्यावर आज चार ओळी लिहा : काय मोजायचे, रोज किती, कधी आणि कुठे बसायचे, आणि अडचण आली तर काय करायचे. पाचवी ओळ उत्साहासाठी ठेवू नका, तो काम चालू झाल्यावर येतो.