दोन पिनांची बोली
कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेजमधल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकावर पाच मिनिटं थांबा. वॉचमनच्या कमरेला वॉकीटॉकी, कॉलरला चिमुकला माइक आणि कानात गुंडाळीची वायर. नवरात्रात दांडियाच्या मैदानावरचे कार्यकर्तेही याच थाटात. यातली वॉकीटॉकी वर्षानुवर्षं टिकते, दम तोडते ती वायर. मग कोणीतरी स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवर जुनी वायर दाखवतो आणि ‘हीच पिन द्या’ म्हणतो.

ही पिन म्हणजे खरं तर जोडी: एक 3.5 मिलिमीटरची, दुसरी 2.5 ची. ओळखतात केनवूडच्या नावाने, पण बाओफेंगसारख्या चिनी कंपन्यांनीही ती उचलली. बोलण्याचं बटण म्हणजे काय, तर या दोन पिनांचे बुंधे एकमेकांना जोडणं. बस्स. त्यामुळे माइकची दुरुस्ती साध्या मीटरवर जमते. खरी गंमत पुढे आहे. ज्या भोकांत माइक जातो त्यातच संगणकाची केबलही जाते आणि तिथून चॅनल भरले जातात. केबल तीच, भोकं तीच. बोली मात्र कंपनीची, आणि कंपनी तिचं व्याकरण छापत नाही.

मग ती शिकायची कशी? शेजारच्या घरातली अनोळखी भाषा मूल शिकतं तशी, कान देऊन. कंपनीचं सॉफ्टवेअर वॉकीटॉकीशी बोलत असताना तारेवरचे बाइट टिपून घ्यायचे. हौशी रेडिओवाल्यांचं ‘चर्प’ हे मोफत सॉफ्टवेअर अशाच कान देण्यावर उभं आहे. डॅन स्मिथ या अमेरिकी हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, ते सुरू केलं.

2012 साली आलेल्या बाओफेंग यूव्ही-5आरचं उदाहरण घेऊ. वेग सेकंदाला 9600 बिट. संगणक आधी सात बाइट पाठवतो: 50 बीबी एफएफ 20 12 07 25. हा परवलीचा शब्द. त्याचा शेवट पाहा: 2012, सातवा महिना, 25 तारीख! कोण्या इंजिनियरने त्या दिवशीची तारीखच कुलूप म्हणून लावली असावी, असा माझा तर्क. वॉकीटॉकी उत्तरते 06, म्हणजे ‘ऐकलं’. संगणक 02 म्हणतो, ती आपली ओळख सांगते आणि मग 64-64 बाइटांच्या घासांनी स्मृती बाहेर येते.

आलेल्या ढिगाऱ्याचा अर्थ लावायची युक्ती साधी आहे. एकाच चॅनलची फ्रिक्वेन्सी बदलायची, पुन्हा वाचायचं आणि दोन प्रती शेजारी ठेवून फरक शोधायचा. 145.500 मेगाहर्ट्झ भरलं की चार बाइट दिसतात: 00 00 55 14. जोड्या मागून पुढे वाचा, 14 55 00 00. आकडा उलटा लिहिलाय, इतकंच गुपित! चॅनलमागे 16 बाइट, चॅनल 128.

अडतं ते भलत्याच ठिकाणी. स्वस्त केबलमध्ये प्रोलिफिक या कंपनीच्या चिपची नक्कल असते आणि प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून काम नाकारतो. चिनी वॉकीटॉकीची बोली उलगडते, रुसते ती दीडवितीची वायर.

कायद्याचं काय? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये, प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळवण्यापुरती अशी माहिती काढायची मुभा आहे, मात्र ती अन्यथा सहज मिळत नसेल तरच. प्रसारणाची गोष्ट निराळी. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. यूव्ही-5आर त्या चौकटीत बसत नाही. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हॅम तो 144 ते 146 मध्ये वापरू शकतो. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा दिल्या, त्याही परवान्याची माहिती न देता केलेल्या विक्रीवरून.

पण प्रत्येक गुपित यूव्ही-5आरच्या परवलीइतकं निरुपद्रवी नसतं. पोलिसांसारख्या यंत्रणा जगभर वापरतात त्या टेट्रा रेडिओचं कूटलेखन दशकानुदशकं झाकलेलं होतं. मिडनाइट ब्लू या डच कंपनीच्या संशोधकांनी ते उकललं आणि 2023 मध्ये जाहीर केलं की टीईए-1 या कूटपद्धतीतली 80 बिटांची म्हटली जाणारी किल्ली आतल्या आत 32 बिटांवर आणली जाते. इतकी तोकडी किल्ली साधा संगणकही शोधून काढतो. यूव्ही-5आरने लपवली होती एक तारीख. इथे कमकुवतपणाच झाकून ठेवला होता.

घरी प्रयोग करणाऱ्याने वॉकीटॉकीत काही लिहिण्याआधी ती आहे तशी वाचून घ्यावी आणि त्या फाइलला हात न लावता वेगळी ठेवावी. आणि केबल खटकन आवाज येईपर्यंत दाबावी; अर्धवट बसलेल्या पिनेला 06 कधीच ऐकू येत नाही.