डिफरन्शियल बेअरिंग

डिफरन्शियल बेअरिंग हे मोटारवाहनाच्या डिफरन्शियलमधील फिरत्या भागांना आधार देणारे बेअरिंग होय. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देत इंजिनाची शक्ती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम डिफरन्शियल करते. त्यातील दंतचक्रांची परस्परसापेक्ष जागा स्थिर राखणे हे या बेअरिंगांचे मुख्य कार्य आहे.

रचना

मागील चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांत सामान्यतः चार मुख्य बेअरिंगे असतात: दोन पिनियनच्या दांड्यावर आणि दोन क्राऊन चक्र वाहणाऱ्या केसच्या दोन्ही बाजूंस. पिनियन व क्राऊन यांचे दात तिरके असल्याने शक्ती देताना ती एकमेकांना बाजूलाही ढकलतात. म्हणून येथे बहुधा निमुळत्या रोलरची बेअरिंगे वापरतात. ती दांड्यावरील आडवा भार आणि दांड्याच्या दिशेने येणारा भार असे दोन्ही पेलतात. अशा बेअरिंगचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन व रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांना १८९८ मध्ये मिळाले.

प्रीलोड

बेअरिंग बसवतानाच त्यावर थोडा दाब दिला जातो. त्यास प्रीलोड म्हणतात. तो कमी असल्यास भाराखाली पिनियन जागचे हलते व दातांचा मेळ बिघडतो. तो जास्त असल्यास बेअरिंग तापून लवकर झिजते. पिनियन फिरवण्यास किती जोर लागतो हे मोजून प्रीलोड तपासतात. अनेक वाहनांत तो दाबली जाणारी नळी वापरून साधतात. ही नळी प्रमाणाबाहेर दाबली गेल्यास नट सैल करून उपयोग होत नाही, नवीन नळी घालावी लागते. केसच्या बेअरिंगांलगतच्या शिम किंवा नटांद्वारे दातांमधील मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, निश्चित करतात.

बिघाडाची कारणे व लक्षणे

ऑइल कमी होणे, सील गळणे, श्वसननळी तुंबणे आणि पाणी आत शिरणे ही झिजेची प्रमुख कारणे आहेत. गुणोत्तर ४:१ असल्यास क्राऊनच्या एका फेऱ्यात पिनियन चार वेळा फिरते. त्यामुळे पिनियन बेअरिंगचा आवाज उंच पट्टीत, तर केसच्या बेअरिंगचा खालच्या पट्टीतील घरघरीसारखा येतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज मात्र बहुधा वाहन डावीकडे वा उजवीकडे वळवताना बदलतो.

देखभाल

ऑइलची पातळी वेळोवेळी तपासावी व निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. हायपॉइड दंतचक्रांसाठी सहसा जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल लागते. ऑइल दुधाळ दिसल्यास पाणी शिरल्याचे समजावे. निचरा बोल्टच्या चुंबकावर बारीक भुकटी असणे स्वाभाविक आहे. धातूचे कण वा तुकडे आढळल्यास यंत्रणा उघडून पाहावी. बेअरिंग बदलताना आतील व बाहेरील कडी जोडीनेच बदलावी आणि प्रीलोड, बॅकलॅश व दातांवरील स्पर्शखूण पुन्हा तपासावी.

झिजलेल्या बेअरिंगकडे दुर्लक्ष केल्यास क्राऊन-पिनियनचे दात तुटू शकतात, आणि तुटलेला तुकडा दातांत अडकल्यास धावत्या वाहनाची चाके अचानक जखडू शकतात. त्यामुळे असा आवाज सुरू होताच तपासणी करणे खर्चाच्या व सुरक्षिततेच्याही दृष्टीने आवश्यक ठरते.