नौकेवर पाहुणे किती? आकडा आधी, आमंत्रण नंतर

धंद्यातील पाहुणचाराची रीत आता बदलली आहे. पूर्वी बाहेरगावचा व्यापारी नाशिकला आला की दुकानाच्या गादीवर चहा, दुपारी घरचे जेवण आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत सोबत, एवढ्यात यजमानाचे कर्तव्य पुरे होई. आता पाहुण्यांना गंगापूर धरणावर बोटीत फिरवण्याचे बेत होतात. ज्यांचे मुंबईशी व्यवहार आहेत, त्यांच्यापैकी काही जण गेटवे ऑफ इंडियाजवळ दोन-तीन तासांसाठी मोटर यॉट भाड्याने घेतात आणि खरेदीदारांना किंवा नातलगांना समुद्रावर मेजवानी देतात. यात गैर काही नाही. पण अशा बेतात आधी चौकशी होते ती भाड्याची आणि जेवणाची. माणसे किती चढवायची, हा प्रश्न धक्क्यावर पोहोचल्यावर निघतो, आणि त्या वेळी आलेल्या पाहुण्याला परत पाठवणे कोणाच्याही जिवावर येते. म्हणून या विषयाची मोजकी माहिती व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

आकडा खुर्च्यांवरून ठरत नाही

जितकी बसायला जागा, तितकी माणसे, असा पुष्कळांचा समज असतो. रिक्षात जसे एकमेकांना सरकवून घेतो, तसे नौकेतही चालेल असे वाटते. प्रत्यक्षात नौकेची क्षमता मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: एकूण वजन किती, ते किती उंचीवर आहे आणि कोणत्या बाजूला आहे.

माल पाठवणाऱ्याला हे समजायला जड नाही. ट्रकमध्ये गाठी खाली पसरून भरल्या तर गाडी कसारा घाट सुखरूप उतरते. तेवढ्याच वजनाच्या गाठी उंच रचल्या तर वळणावर गाडी कलते. नौकेचेही तसेच आहे. फरक एवढाच की गाठी बांधून ठेवता येतात, माणसे बांधता येत नाहीत. कोणी फोटो काढायला उठतो, कोणी डॉल्फिन दिसला म्हणून ओरडतो, आणि सगळे एका काठावर जमतात.

केरळमधील थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी 'जलकन्यका' ही दुमजली पर्यटक नौका उलटली आणि ४५ जण मरण पावले. काठावरचे जंगली प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले होते. आपल्या महाराष्ट्रात १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या वेळीही लाटेच्या तडाख्याने घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावल्याचे सांगितले जाते. यॉटच्या वरच्या मजल्यावर हवा छान लागते हे खरे, पण तिथे उभा राहणारा प्रत्येक माणूस नौकेचा तोल थोडा वर नेतो. म्हणून बऱ्याच नौकांवर वरच्या मजल्यासाठी वेगळी मर्यादा असते. ती विचारून घ्यावी.

बाराचा हिशेब

मोठी यॉट दाखवून मालक 'बारा पाहुणे' म्हणतो, तेव्हा ग्राहकाला वाटते की हा भाव वाढवण्यासाठी अडून बसला आहे. या बारामागे कारण आहे. समुद्रावरील सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारे जहाज 'प्रवासी जहाज' ठरते. मग त्याची बांधणी, आगीपासून बचाव, जीवरक्षक साधने आणि खलाशी यांबाबत फार कडक नियम लागू होतात. म्हणून जगभर भाड्याच्या पुष्कळ यॉट बारा पाहुण्यांवर थांबतात. तिथे जागा पन्नासाची दिसली तरी परवानगी बाराचीच असते.

पण बारा हा आकडा सर्वत्र चालतो असे समजू नये. लहान नौकेला सहाचीच परवानगी असू शकते, आणि प्रवासी नौका म्हणून तपासलेल्या लाँचला ऐंशीचीही असू शकते. रात्री झोपण्याची सोय किती जणांची आणि दिवसाच्या फेरीला परवानगी किती जणांची, हेही वेगवेगळे असते. धरणे, नद्या व खाड्यांतील यांत्रिक नौकांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी आहेत. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मालकाचा तोंडी शब्द कितीही गोड असला तरी ज्या कागदावर प्रवाशांची संख्या लिहिली आहे, तोच कागद पाहावा.

मोजायचे कोणाला?

इथेच हिशेब चुकतो. प्रवासी आणि खलाशी यांची संख्या कागदावर वेगळी लिहिलेली असते. खलाशी म्हणजे तांडेल आणि नौका चालवणारी माणसे. आपण सोबत नेलेला आचारी, वाढपी, फोटोग्राफर आणि गाणेवाला खलाशांत बसत नाहीत. ते पाहुण्यांच्याच आकड्यात धरायचे. बारांची परवानगी असेल आणि असे तीन जण बरोबर असतील, तर आमंत्रणे नऊच.

मुलांचेही तसेच. एस.टी.त अर्धे तिकीट असते म्हणून नौकेत दोन मुले मिळून एक माणूस होत नाही. मांडीवरचे मूलही एक जीव म्हणून मोजावे, कारण त्यालाही त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट लागते. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटते.

सामानाचे वजनही धरावे. युरोपात नौका बांधणारे मोठ्या माणसाचे वजन साधारण ७५ किलो धरतात. म्हणजे बारा माणसांचे ९०० किलो झाले. त्यावर बिर्याणीच्या देगा, बर्फाच्या पेट्या, पाण्याचे खोके आणि आवाजाची यंत्रणा चढली की दोन-तीन माणसांचे वजन सहज वाढते.

कागदावरचा आकडा ही कमाल मर्यादा

परवान्यावरचा आकडा गाठलाच पाहिजे असा नाही. तो शांत पाणी आणि ठीकठाक नौका गृहीत धरून दिलेला असतो. अमेरिकेत लेक जॉर्ज या तलावावर २ ऑक्टोबर २००५ रोजी 'इथन ॲलन' ही पर्यटक नौका उलटली आणि २० जण बुडाले. नौकेला ४८ प्रवाशांची परवानगी होती आणि प्रवासी ४७ होते, म्हणजे कागदोपत्री सर्व ठीक होते. चौकशीत आढळले की माणसाचे वजन जुन्या काळच्या हिशेबाने १४० पौंड धरले होते, आणि कापडी छताऐवजी लाकडी छत बसवल्यावर नौकेची पुन्हा तपासणी झाली नव्हती. त्या नौकेवर प्रत्यक्षात १४ माणसेच असायला हवी होती. म्हणून प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे आणि त्यानंतर नौकेवर छत, मजला किंवा जड सामान चढवले आहे का, हे दोन्ही विचारावे.

हवामान तर कोणाचाच परवाना जुमानत नाही. उजनी धरणाच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्याने बोट उलटली. सात जणांपैकी सहा जण मरण पावले, एकच पोहून काठावर आला. धरणाचे पाणी समुद्रापेक्षा निरुपद्रवी, हा समज नाशिककरांनीही सोडावा.

जास्त माणसे असली की सुटका अवघड

मुंबईजवळ १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली. एकूण १५ जणांचे प्राण गेले. नीलकमलची परवानगी ८४ प्रवासी व ६ खलाशी यांची होती, नौकेवर शंभराहून अधिक माणसे होती. टक्कर जास्त माणसांमुळे झाली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण टक्कर कोणाच्याही चुकीने झाली तरी पाण्यात पडणाऱ्या प्रत्येकाला एक जॅकेट लागते, आणि साधने परवानगीच्या संख्येप्रमाणे ठेवलेली असतात.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. नौकेत क्षमतेपेक्षा बरीच जास्त मुले होती आणि सर्वांना जॅकेट नव्हते. केरळमधील तानूरला ७ मे २०२३ रोजी मासेमारीच्या नौकेची पर्यटक नौका केलेली होडी उलटली आणि २२ जण गेले. त्यांत एकाच कुटुंबातील अनेक जण होते. सुटीच्या दिवशी हौसेने निघालेली घरची माणसे होती ती.

यजमानाने काय करावे

पहिले, आमंत्रण देण्याआधी परवान्याची प्रत मागवावी आणि त्यातील प्रवाशांच्या आकड्यातून आपले नोकर वजा करावेत. उरेल त्यापेक्षा दोन कमीच पाहुणे बोलवावेत. ऐन वेळी कोणी सोबत आलाच, तर ती जागा उपयोगी पडते.

दुसरे, नावांची यादी करून एक प्रत तांडेलाकडे आणि एक किनाऱ्यावरील माणसाकडे ठेवावी. दुर्घटनेत किती जण शोधायचे, हे त्या यादीवरूनच कळते.

तिसरे, गेटवेला यॉट पाण्यात दूर उभी असते आणि तिथवर लहान होडीने जावे लागते. त्या होडीलाही मर्यादा आहे. घाई न करता दोन-तीन फेऱ्या कराव्यात.

चौथे, नौका सुटण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट चढवावे. यजमानाने स्वतः आधी घातले की पाहुणे संकोच करत नाहीत.

पाचवे, पाहुणे जास्त असतील तर दोन नौका घ्याव्यात किंवा जेवण किनाऱ्यावर ठेवून फेऱ्या दोन कराव्यात. आणि तांडेल 'आज नको' म्हणाला, तर जास्त पैशाचे आमिष दाखवू नये.

परवान्याबाहेर माणसे चढवल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो, हे व्यापाऱ्याने वेगळे सांगायला नको. पण गोष्ट पैशापुरती नाही. पाहुणा आपल्या शब्दावर नौकेत पाय ठेवतो. नौकेचा परवाना त्याने पाहिलेला नसतो, तो पाहिलेला असतो यजमानाने. धक्क्यावर एकाला नम्रपणे 'तुम्ही पुढच्या फेरीत या' म्हणण्याने कोणाचा मान जात नाही. उलट, हा माणूस आपल्या जिवाचा हिशेब ठेवतो, एवढे त्याच्या लक्षात राहते. धंद्यात याहून मोठी पत दुसरी कोणती?