हिवताप, काढा आणि अंगदुखीची गोळी

पावसाळा उतरणीला लागला की धाराशिव जिल्ह्यात घरोघरी तापाचे रुग्ण दिसू लागतात. अनेक घरांतून गुळवेल, कडुनिंब, काडेचिराईत यांचा काढा चुलीवर चढतो आणि त्याच्या जोडीला दुकानातून अंगदुखीची गोळी येते. सकाळी काढा, दुपारी गोळी असा हा दुहेरी उपचार निरुपद्रवी समजला जातो. वस्तुतः तो नेहमीच तसा नसतो.

हिवतापाचा परजीवी डासात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत दाखविले. हा जिल्हाही तेव्हा त्याच निजामी मुलखात होता. या रोगाची खरी गोम त्याच्या पाळीत आहे. व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीमुळे येणारा ताप बहुधा एक दिवसाआड उलटतो. हुडहुडी, ताप, मग घाम. आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण हिंडताफिरता! पॅरासिटामॉलने ताप उतरतो, परंतु रक्तातील परजीवीला धक्काही लागत नाही. मधला दिवस बरा गेला की श्रेय काढ्याला मिळते आणि रक्ततपासणी लांबणीवर पडते. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापात हाच विलंब मेंदू व मूत्रपिंडावर बेततो.

वनौषधी निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. क्विनीन सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये वेगळे काढण्यात आले. आर्टेमिसिनिनही वनस्पतीतूनच मिळाले व त्याबद्दल तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. आपल्याकडे सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त व सागरगोटा यांपासून 'आयुष-६४' सिद्ध झाले. मात्र तेथे घटकांचे प्रमाण ठरलेले असते. घरच्या काढ्याचे माप करणाऱ्याच्या मुठीएवढे!

मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. दुसरीच तत्सम वेल वापरली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद काहीही असो, पॅरासिटामॉलची अतिमात्राही यकृतावरच आघात करते, आणि निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत तेच औषध असल्याने मात्रा नकळत दुप्पट होते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांची गोष्ट निराळी. हिवतापात रक्तातील बिंबिका घटतात, डेंग्यूतही घटतात, आणि दोन्हींचा हंगाम एकच. अशा वेळी या गोळ्या रक्तस्रावाला निमंत्रण देतात. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊच नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात व आशा स्वयंसेविकेकडे रक्ततपासणी विनामूल्य होते. व्हायव्हॅक्स आढळल्यास क्लोरोक्विन ३ दिवस व प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. गर्भवती व तान्ह्या मुलांना प्रायमाक्विन वर्ज्य आहे. ताप तिसऱ्या दिवशी थांबतो आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात. यकृतात दडलेला परजीवी मग काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. तपासणीला जाताना कोणता काढा, कोणती गोळी व किती वेळा घेतली, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे. गोळीचे पाकीट असल्यास तेही सोबत न्यावे.