सर्पदंशाची लस आणि छातींतील धडधड

पावसाळा लागला कीं हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा व वसमत या पांचही तालुक्यांत सोयाबीनच्या आणि हळदीच्या रानांत पाय जपून टाकावा लागतो. सर्पदंश होतांच मांत्रिकाकडे न जातां रुग्णास तडक सरकारी दवाखान्यांत न्यावें, हें आतां बहुतेक शेतकरी बंधूंस पटलें आहे. परंतु तेथें पोंचल्यावर कधीं कधीं जें घडतें, त्याची कल्पना त्यांस कोणीं दिलेली नसते. त्याविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांच्या विषावरची आपल्याकडील लस घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्यास थोडथोडें विष टोंचून त्याच्या रक्तांत विषाशीं झगडणारें द्रव्य उत्पन्न करावयाचें व तें काढून शुद्ध करावयाचें, अशी ती रीत. अर्थात् हें परकें द्रव्य कांहीं शरीरांस मानवत नाहीं. अंगावर गांधी उठतात, ओकारी येते, घसा आवळतो, रक्तदाब एकदम उतरतो. ही लशीची प्रतिक्रिया होय, आणि तीही जीव घेऊं शकते. अशा वेळीं डॉक्टर लस थांबवितात व मांडीच्या स्नायूंत अ‍ॅड्रिनॅलिन टोंचतात. मोठ्या माणसास अर्धा मिलिग्रॅम, आणि गरज पडल्यास कांहीं मिनिटांनीं पुनः तितकेंच.

अ‍ॅड्रिनॅलिन हा मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन लहान ग्रंथींचा स्राव. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनीं तो शुद्ध रूपांत वेगळा केल्याचें १९०१ सालीं प्रसिद्ध केलें. उधळलेला बैल अंगावर आला म्हणजे आपली छाती धडधडते, ती याच स्रावानें. तोच सुईवाटे आंत गेला कीं हृदय जोरानें उडूं लागतें, हात कांपतात, चेहरा पांढरा पडतो. पण त्याच वेळीं आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या होतात व रक्तदाब वर येतो. धडधड बहुधा थोड्याच वेळांत ओसरते.

नातलगांस मात्र दिसतें तें इतकेंच, कीं सुई दिली आणि माणूस कांपूं लागला. मग ‘चुकीचें इंजेक्शन दिलें’ असा गलबला होतो व रुग्णास दुसरीकडे हलविण्याची घाई सुटते. यांत मोठा घात आहे. लस अर्धीच गेलेली असते, विष अद्याप रक्तांत असतें, आणि प्रतिक्रिया शमल्यावर डॉक्टर ती लस पुनः सावकाश सुरू करणार असतात. जीपगाडींत ना लस, ना अ‍ॅड्रिनॅलिन.

विंचवाची गोष्ट निराळी. तांबड्या विंचवाचें विष शरीरांतील याच जातीच्या स्रावांचा पूर आणतें. तेथें प्राझोसिनची गोळी उपयोगी पडते, हें महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं दाखविलें व त्यांचा लेख १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत आला. हे डॉक्टर मूळचे आपल्या मराठवाड्यांतील, जालना जिल्ह्याचे.

रुग्णास हृदयविकार वा रक्तदाबाचा त्रास असेल, कोणत्या गोळ्या चालू असतील, तर तें आरंभींच डॉक्टरांस सांगावें. छातींत कळ आली किंवा धडधड थांबेना, तर लगेच हांक मारावी. नांदेडास पाठविलेंच, तर लशीच्या किती बाटल्या गेल्या व अ‍ॅड्रिनॅलिन किती वाजतां दिलें, हें लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी.