जुने गाणे, नवा ठेका

सुरत शहरालगतच्या नवागाम वस्तीत पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. लग्नसराई आली की तेथेही, आपल्या गावांप्रमाणेच, बँडवाले एखादे जुने गाणे नव्या ठेक्यावर वाजवितात आणि म्हातारी माणसेदेखील ताल धरू लागतात. अलीकडे काही वाद्यपथके अशा गाण्यांचे संग्रहही काढतात. या नव्या गुंफणीस ‘रिमिक्स’ म्हणतात. तीत गैर ते काय, असे कोणी विचारील. नवा साज चढविण्यात गैर काहीच नाही. मात्र ज्याने गाणे जन्मास घातले त्याचा विसर पडता कामा नये.

गोव्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्या शिदोरीवर अनेक गोमंतकीय तरुण मुंबईच्या नृत्यबँडांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांच्या कलेने कितीतरी गाणी नटली. परंतु श्रोत्यांच्या मुखी नावे राहिली ती गायकांची व संगीतकारांची. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गीतात अँथनी गोन्साल्विस हे नाव येते, ते संगीतकार प्यारेलाल यांच्या या व्हायोलिनगुरूंचे, हे आज किती जणांस ठाऊक आहे?

याच परंपरेतील ख्रिस पेरी हे मडगावचे. त्यांचा जन्म 1928 चा. ट्रंपेट व सॅक्सोफोन या दोन्ही वाद्यांवर त्यांची हुकमत होती. जॅझ आणि चा-चा-चा यांचे ठेके त्यांनी कोकणी शब्दांशी असे जुळविले की ती गाणी घराघरांत पोहोचली. त्यांना आवाज लाभला तो मुंबईत वाढलेल्या लॉर्ना यांचा. पुढे लॉर्ना दीर्घकाळ रंगमंचापासून दूर राहिल्या आणि 1995 मध्ये पुन्हा गाऊ लागल्या. पेरी यांचे 2002 मध्ये निधन झाले.

त्यानंतर 2014 मध्ये बार्द्रॉय बारेटो यांनी ‘नाचुंया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट काढला. 1960 व 1970 च्या दशकांतील सुमारे वीस गाणी त्यासाठी नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आली. संगीताची धुरा रॉनी मोन्सेरात यांनी वाहिली. 2015 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाने तीन सन्मान मिळविले. ज्या तरुणांनी पेरी यांचा बँड कधी पाहिला नव्हता, तेही ती गाणी गुणगुणू लागले. जुन्या गाण्यास नवे आयुष्य लाभते ते असे.

आता व्यवहाराची गोष्ट. गावातील बँडने वरातीत किंवा लग्नाच्या समारंभात एखादे गाणे वाजविले, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याने त्यास मोकळीक दिली आहे. परंतु तेच गाणे मुद्रित करून विकावयाचे झाले, तर नियम निराळा लागतो. 2012 च्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रणास पाच कॅलेंडर वर्षे लोटल्याविना नवी आवृत्ती काढता येत नाही. आधी सूचना द्यावी लागते आणि मानधन आगाऊ भरावे लागते. वेष्टनावर ही नवी आवृत्ती असल्याचे स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि मूळ गायकाचे नाव वा चित्र वापरून ग्राहकाची दिशाभूल करता येत नाही. मूळ शब्दांत व चालीत मनमानी फेरफार करावयाचे तर मालकाची संमती हवी.

आपल्या गावचा बँड उद्या असा संग्रह काढील, तेव्हा पालकांनी मुलांना अवश्य उत्तेजन द्यावे. पण पहिले गाणे वाजण्यापूर्वी त्यांना एवढे विचारावे: ‘बाळांनो, हे मूळ कोणाचे? त्याची परवानगी घेतली का? त्याचा वाटा त्याच्या घरी पोहोचला का?’ शेजाऱ्याच्या वाडीतील नारळ आपण विचारल्याशिवाय उतरवीत नाही. गाणे हेही कोणाच्या तरी कष्टांचे पीक आहे.