नियमपुस्तिका लिहिताना: शब्दांपेक्षा कार्यपद्धती महत्त्वाची

नोकरीवर रुजू होताना नेमणूकपत्रासोबत एक नियमपुस्तिका हाती पडते. तिच्यावर सही होते आणि ती कपाटात जाते. तिची आठवण येते ती एखादी तक्रार दाखल झाल्यावर, आणि तेव्हा अनेकदा त्या पुस्तिकेत आवश्यक ते उत्तर सापडत नाही.

रजा, गैरवर्तन, निलंबन यांविषयीच्या अटी लेखी असाव्यात, हा दंडक औद्योगिक आस्थापनांना १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने घातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. त्यामुळे लहान कारखान्यांत नियमपुस्तिकेचे महत्त्व वाढले आहे.

गोव्यातील प्रकरणाचा धडा

कार्यपद्धतीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाने दाखवून दिले. लैंगिक छळाच्या तक्रारींवरून २००९ मध्ये चौकशी झाली आणि संबंधित प्राध्यापकाला सेवेतून काढण्यात आले. मात्र समितीने घाईने बैठका उरकल्या व बचावाची पुरेशी संधी दिली नाही, असा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांनंतरही ना तक्रारदार विद्यार्थिनींना अंतिम न्याय मिळाला, ना प्राध्यापकाला अंतिम निर्णय.

पुस्तिकेत काय असावे?

‘छळ खपवून घेतला जाणार नाही’ एवढे वाक्य पुरत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती आवश्यक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुस्तिकेत या सदस्यांची नावे व संपर्क द्यावेत. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने, आणि चौकशी ९० दिवसांत, हेही नमूद करावे. लेखी तक्रार करणे ज्या महिलेला शक्य नसेल, तिला समितीने साहाय्य करायचे असते; ही तरतूद तर ठळक छापावी.

निलंबनाबाबतही तसेच. चौकशी सुरू असताना स्थायी आदेशांखालील कामगाराला पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब त्याच्यामुळे झाला नसल्यास पुढे ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळतो. आरोपपत्र, उत्तराची मुदत, सुनावणी आणि अपील हे टप्पे क्रमाने लिहिले, तर व्यवस्थापकाच्या मर्जीला वाव उरत नाही.

भाषेचा प्रश्न

१९४६ च्या कायद्याने स्थायी आदेश इंग्रजीसोबत बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ लावण्यास सांगितले होते. गोव्यात कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणारे हात एकाच छताखाली राबतात. इंग्रजी पुस्तिकेवर घेतलेली सही म्हणजे नियम समजल्याची खूण मानता येणार नाही.

मसुदा अंतिम करण्यापूर्वी तो सर्वांत नव्या कर्मचाऱ्याला वाचायला द्यावा. तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत आणि निर्णय अमान्य असल्यास पुढे कुठे जायचे, हे त्याला सांगता आले नाही, तर मसुदा पुन्हा लिहायला हवा.